दीड मासा कार्बन

आमच्या शाळेला प्रयोगशाळा नव्हती असं म्हटलं तर ते खोटं होईल. एक कपाट होतं. त्यात सहा परीक्षानळ्या, मोरचुदाची एक बाटली, स्पिरिटचा दिवा, ताकद गेलेला एक पट्टीचा लोहचुंबक आणि काचेच्या बरणीत एक बेडूक, एवढा ऐवज होता. बेडूक इतक्या वर्षांचा होता की त्याचा रंग उडून तो चुन्यासारखा पांढरा पडला होता. कपाटाची किल्ली हेडमास्तरांकडं. ते कपाट वर्षातून दोनदा उघडायचं, एकदा तपासणीला आणि एकदा झुरळं मारायला.

१९७६ साली मी नववीत होतो. गाव मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानातलं, म्हणजे शाळूचं. पत्र्याच्या चार खोल्यांची शाळा, वर्गात एकतीस पोरं आणि चार पोरी. त्या साली विज्ञानाला नवे सर आले. ते कोकणातले. आमची बोली त्यांना कळायला महिना गेला आणि त्यांची आम्हाला कळायला दोन. वाटेत दिसेल त्या झाडाकडं बोट दाखवून ते विचारायचे, "ह्याला तुम्ही काय म्हणता रे?" आम्ही सांगायचो. खिशातल्या वहीत ते लिहून घ्यायचे. मास्तर आपल्याला विचारतोय आणि आपण सांगतोय, ह्याची आम्हाला भलतीच मजा वाटायची.

'अणूची रचना' हा धडा आला तेव्हा सरांनी वर्गाला विचारलं, "अणू पाहिलाय कुणी?" सगळे गप्प. पुस्तकात एक चित्र होतं, मधे ठिपका आणि भोवती गोल गोल रेघा. ते पाहून मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "तेल्याच्या घाण्यावानी दिसतंय, सर." सर हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे. मधे लाट, भोवती बैल. आता तो घाणा करून बघू."

तालुक्याच्या शाळेत प्लॅस्टिकच्या रंगीत गोळ्यांचा संच आला होता, ही बातमी आमच्यापर्यंत पोचली होती. काळा गोळा कार्बनचा, तांबडा ऑक्सिजनचा, निळा नायट्रोजनचा, पांढरा हायड्रोजनचा. आपल्याला तसला संच मिळेल का, असं आम्ही विचारलं. सर म्हणाले, मिळेल तेव्हा मिळेल, तोवर काय थांबायचं? हे रंग कुणी ठरवले ते मला पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात सापडलं. हॉफमन नावाचा एक जर्मन रसायनशास्त्रज्ञ होता. १८६५ साली लंडनमध्ये भाषण देताना त्यानं क्रोके नावाच्या खेळाचे लाकडी चेंडू घेतले, त्यांत काड्या खोचल्या आणि रेणू करून दाखवले. साहेब लोक हिरवळीवर मोगरीनं ठोकत खेळायचे ते हे चेंडू. जगभरच्या शाळांतले काळे, तांबडे, निळे गोळे त्या चेंडूंपासून निघाले. म्हणजे त्यानंही घरात जे पडलेलं होतं तेच उचललं. आमच्या घरात क्रोके नव्हता एवढंच.

पहिल्या दिवशी सगळ्यात चांगला माल एका बागायतदाराच्या पोरानं आणला. भिजवलेले हरभरे, चांगले शेरभर. भिजलेल्या हरभऱ्यात बाभळीचा काटा खुपसला की तो घट्ट बसतो, हलत नाही. एक हरभरा मधे, चार काटे, चार टोकांना चार हरभरे, झाला मिथेन. तासाभरात बाकांवर मिथेनची रांग लागली. सर खूश. मधल्या सुट्टीत आम्ही बाहेर खेळायला गेलो आणि परत आलो तर एका बाकावरचे चार मिथेन गायब. काटे मात्र नीट एका बाजूला ठेवलेले.

ते कुणी खाल्ले ते सगळ्यांना कळलं. वाडीवरनं चार किलोमीटर चालत येणारा एक पोरगा होता. त्याच्याजवळ कधी भाकरीचं फडकं नसायचं. बहात्तरचा दुष्काळ सरून चार वर्षं झाली होती, पण काही घरांतनं तो गेलाच नव्हता. आम्ही सगळेच त्या दुष्काळात सुकडी आणि लाल मिलो खाऊन वाढलेली पोरं. दाण्याची किंमत कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी दोघं-तिघं फिदीफिदी हसले. एकजण म्हणाला, "सर, ह्यानं अणू खाल्ला." तो पोरगा खाली बघत उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

सर काहीच बोलले नाहीत. फळ्याकडं वळून त्यांनी पुढचा भाग शिकवायला घेतला. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या म्हणाले, "जे खाता येतं ते खायचं. अणू बाकीच्याचा करू. विज्ञानाच्या टेबलावर दाणा आणायचा नाही, हरभरा नाही, वाटाणा नाही, मका नाही." आणि पिशवीतनं फुटाण्यांचा कागद काढून त्यांनी मधल्या सुट्टीत सगळ्या वर्गाला वाटला. त्यानंतर महिन्यातनं तीन-चारदा तरी फुटाणे यायचेच. सरांचा पगार किती होता कुणास ठाऊक. 'प्राचीन काळी कणाद ऋषी होते, त्यांनी परमाणू सांगितला, शेतात पडलेले कण वेचून खायचे म्हणून त्यांचं नाव कणाद,' असं सरांनी पुढं एकदा सांगितलं, तेव्हा त्या वाडीवरच्या पोराचं नाव लगेच कणाद पडलं. ह्या वेळी मात्र सगळ्यात मोठ्यांदा तोच हसला.

तर खायचं नाही असं काय काय मिळतं, ते हुडकायला आम्ही रानोमाळ हिंडलो. चिंचोके, करंजाच्या बिया, एरंडी, सागरगोटे, निंबोळ्या, सीताफळाच्या काळ्या बिया, रिठे. बाभळीचे पांढरे लांब काटे तर पाटीभर. घायपाताचा वाक. निरगुडीचे फोक. पण सगळ्यांवर ताण केली ती गुंजेनं.

ज्यांनी गुंज बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गुंजेचा नाजूक वेल असतो, कुपाटीवर चढतो. शेंगा वाळून उकलल्या की आत तांबड्याभडक बिया दिसतात, प्रत्येकीला एका टोकाला काळा डोळा. पाला गोड, विड्यात घालतात. बी मात्र विषारी. अख्खी गिळली तर बहुतेक तशीच बाहेर पडते, पण फोडलेली किंवा चावलेली पोटात गेली तर जीव जातो. पूर्वी सोनार सोनं तोलायला गुंजाच वापरत. आठ गुंजा म्हणजे एक मासा आणि बारा मासे म्हणजे एक तोळा. निवडून घेतलेल्या बिया वजनाला सारख्या भरतात म्हणून.

सरांना हे माहीत होतं. ते म्हणाले, "प्रोटॉन आणि न्यूट्रॉन वजनाला जवळजवळ सारखे. मग गुंजेइतकं चांगलं दुसरं काय?" तांबडी गुंज प्रोटॉन ठरली. न्यूट्रॉनसाठी पांढरी गुंज पाहिजे होती. ती असते, पण क्वचित. सगळ्या शिवारात मिळून मूठभर निघाली. मग राहिलेल्या तांबड्या गुंजांना आम्ही पानाचा चुना फासला. वर्गात सोनाराचा पोरगा होता. तो लगेच म्हणाला, "सर, चुन्यानं वजन वाढलं. काट्यावर कळंल." सरांचा चेहरा असा फुलला की बस. म्हणाले, "वाढू दे. न्यूट्रॉन खराच प्रोटॉनपेक्षा अगदी किंचित जड असतो!"

कार्बनच्या केंद्रकात सहा प्रोटॉन आणि सहा न्यूट्रॉन, म्हणजे बारा गुंजा. सोनाराच्या पोरानं बोटं मोजली आणि म्हणाला, "म्हंजे कार्बन दीड मासा." सर क्षणभर त्याच्याकडं बघत राहिले. कोकणातल्या माणसाला मासा म्हटलं की दुसरंच काहीतरी आठवणार. मग उलगडा झाला आणि त्या दिवसापासून आमच्या वर्गात सगळी मूलद्रव्यं माशांवर तोलली जाऊ लागली. कार्बन दीड मासा, नायट्रोजन पावणेदोन, ऑक्सिजन दोन. हायड्रोजन म्हणजे एकच गुंज. ज्या पोरांना अणुभारांक ह्या शब्दानं घाम फुटायचा त्यांना हे एका दुपारी पाठ झालं, कारण ते पाठ करायचं नव्हतंच.

गुंजा विषारी म्हणून सर मोजून द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे. डालड्याच्या डब्यात त्या ठेवलेल्या. तासाला तू बारा नेल्यास, तासाच्या शेवटी बारा आण. एक कमी भरली की वर्ग हलायचा नाही. बाकाखाली, फटीत, कुणाच्या चोळण्याच्या खिशात, कुठंतरी ती सापडायचीच. पुढं रासायनिक समीकरणं आली, डाव्या बाजूला जेवढे अणू तेवढेच उजव्या बाजूला आले पाहिजेत, तेव्हा आम्हाला त्यात काही नवल वाटलं नाही. गुंज हरवत नाही, हे आम्ही आधीच शिकलो होतो.

इलेक्ट्रॉनचा प्रश्न निराळा होता. १८३६ इलेक्ट्रॉन घ्यावेत तेव्हा एका प्रोटॉनएवढं वजन भरतं, इतका तो हलका. इथं शाळूचं धाट कामाला आलं. धाटाची साल सोलली की आत पांढरं भेंड निघतं. लहानपणी आम्ही त्याच्याच बैलगाड्या करायचो. भेंडाचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा तळहातावर ठेवला तर ठेवलाय असं वाटत नाही. निरगुडीचे फोक वाकवून दोन कडी केली, त्यांत भेंडाचे मणी ओवले, आतल्या कड्यात दोन, बाहेरच्यात चार. मधे वाकानं टांगलेला बारा गुंजांचा घोस, बाभळीच्या डिंकानं चिकटवलेला. हा आमचा पहिला कार्बन. खिडकीत टांगला की वाऱ्यानं फिरायचा.

सगळे त्याच्याकडं कौतुकानं बघत असताना सर म्हणाले, "छान झालाय. आणि हा खोटा आहे."

आम्हाला वाईट वाटलं. सर म्हणाले, "चला बाहेर." वर्ग मैदानात आला. सरांनी एका पोरीच्या हातात एक गुंज दिली. "हे केंद्रक. तू इथं उभी राहा." कणादाच्या हातात भेंडाचा मणी दिला. "तू चालायला लाग, मी हात करीपर्यंत थांबू नको." केंद्रकापेक्षा अणू साधारण लाखपट मोठा. गुंज सहा मिलिमीटरची धरली तर अणू सहाशे मीटरचा, म्हणजे मधल्यापासून कडेपर्यंत तीनशे मीटर. सर पावलं मोजत त्याच्या मागं आणि आम्ही सरांच्या मागं. मारुतीचं देऊळ गेलं, चावडी गेली, वेस गेली, ओढ्याचा उतार लागला. तिथं सरांनी हात केला. कणाद ओढ्यात उभा राहिला, हातात भेंडाचा मणी. मागं वळून बघितलं तर शाळाच दिसत नव्हती, गुंज कुठली दिसायला.

एक म्हातारे आजोबा म्हशी घेऊन चालले होते. त्यांनी विचारलं, "काय चाललंय रं पोरांनो?"

"अणू करायलोय, आजा."

"कुठाय?"

"हे सगळं, आजा. हितनं शाळंपतोर."

आजोबांनी इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "मोकळंच दिसतंय की."

सरांनी त्यांना हात जोडून नमस्कार केला. रदरफोर्डनं १९११ साली हेच सांगितलं होतं, की अणू बहुतेक सगळा मोकळा असतो. न्यूझीलंडच्या खेड्यात वाढलेला माणूस तो, त्याच्या बापाची शेतीच होती. परत येताना सर सांगत होते, की कड्यावरून मणी फिरतो तसा इलेक्ट्रॉन खरा फिरत नाही, ते कडं म्हणजे आपल्या समजुतीसाठी. मॉडेल खोटं असलं तरी चालतं, फक्त ते कुठं खोटं आहे ते माहीत पाहिजे आणि कुठं हिशेब जुळतो तेही माहीत पाहिजे. नववीच्या पोरांना इतकं सांगायची त्यांना गरज नव्हती. तपासणीला साहेब येणार होते, त्यांना कडी आणि मणी दाखवून भागलं असतं.

मग रेणू करायचे ठरले. त्यासाठी गोळे पाहिजेत, आणि आमच्या काळ्या मातीचा गोळा वाळला की फुटतो. कुंभाराच्या पोरानं बापाकडनं मळलेली माती आणली, राख आणि लीद मिसळलेली. तिला भेग जात नाही. ओल्या गोळ्यात गुंजा दाबून बसवायच्या, ज्या मूलद्रव्याला जितके हात तितकी भोकं काट्यानं पाडायची. कार्बनला चार, नायट्रोजनला तीन, ऑक्सिजनला दोन, हायड्रोजनला एक. जोडायला खराट्याचे हीर. हीर वाकतो आणि मोडत नाही, हे नारळाच्या गावाहून आलेल्या सरांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक.

माझ्या वाट्याला नायट्रोजन आला होता. दोन गोळे, मधे तीन हीर. सरांनी हायड्रोजनचा रेणू एका पोराकडं दिला, एकच हीर. त्यानं ओढला, सुटला. मग माझा नायट्रोजन दोघांनी दोन बाजूंनी ओढला. सुटेना. गोळ्याला भेग गेली पण हीर निघाले नाहीत. सर म्हणाले, "आता ऐका. हवेत शंभरातले अठ्ठ्याहत्तर भाग हा आहे. तुमच्या प्रत्येकाच्या रानावर तो पडून आहे. आणि पिकाला तोच लागतो. पण पिकाला हे तीन हीर तोडता येत नाहीत."

मी नंतर कधीतरी हिशेब मांडला होता. एका एकरावर जी हवा उभी असते तिच्यात एकतीस हजार टनांच्या पुढं नायट्रोजन भरतो. आणि खाली शाळू पिवळा पडतो. इतक्या धान्यात उपाशी राहणारं दुसरं घर मी पाहिलं नाही.

सरांनी त्याच आठवड्यात आम्हाला एका हरभऱ्याच्या रानात नेलं. मालकाला विचारून एक झाड मुळासकट उपटलं. मुळांना बारीक गाठी होत्या. ब्लेडनं एक गाठ चिरली, आत गुलाबी. गुलाबी असली की गाठ कामाला लागलेली आहे असं समजायचं. कारखान्यात हे तीन हीर तोडायला चारशे-पाचशे अंश उष्णता आणि हवेच्या दीड-दोनशे पट दाब द्यावा लागतो. आणि इथं ह्या गाठीतले डोळ्याला न दिसणारे जीव ते काम मुकाट्यानं, आपल्या मातीच्या गारव्यात करतात. ज्या हरभऱ्याला सरांनी टेबलावर येऊ दिलं नव्हतं, तो असा दुसऱ्या वाटेनं धड्यात आला.

आमच्या घरी त्या सुमाराला पहिल्यांदा युरियाची गोणी आली. विहिरीखालच्या तुकड्यात दादांनी हायब्रीड पेरलं होतं आणि सोसायटीतनं उधारीवर एक गोणी आणली होती. दादा म्हणजे माझे वडील. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या पांढऱ्या दाण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "मिठानं कुठं पीक येतंय व्हय?" असं ते आईला म्हणत. पण सगळे टाकतात म्हणून आणलं आणि घेतलेल्या पैशाचा घोर लागला.

मी सरांना सांगितलं. सरांनी वर्गाकडनं युरियाचा रेणू करून घेतला. मधे कार्बन, एका बाजूला दोन हिरांनी ऑक्सिजन, उरलेल्या दोन हातांना दोन नायट्रोजन, प्रत्येक नायट्रोजनला दोन-दोन हायड्रोजन. सगळ्या मिळून साठ गुंजा लागल्या. डबा जवळजवळ रिकामा झाला. ते सगळं सुपात ठेवून सरांनी मला घरी न्यायला दिलं. "उद्या साठ परत," एवढंच म्हणाले.

रात्री कंदिलाच्या उजेडात दादांनी ते सूप पुढं ओढलं. आई धाकट्याला लांब घेऊन बसली, गुंजा म्हणून. मी सांगायला लागलो. अणू, रेणू हे शब्द मी घेतलेच नाहीत, सरळ माशांवर आलो. दादांना तोळा-मासा चांगला कळत होता. आईच्या बोरमाळेचा हिशेब त्यांनीच सावकाराशी केला होता.

"ही कार्बन, दीड मासा. ही ऑक्सिजन, दोन मासे. ह्या चार बारक्या, अर्धा मासा. आन् ही दोन नत्राची, पावणेदोन पावणेदोन."

"म्हंजे साडेतीन," दादा म्हणाले. "आन् समदं मिळून?"

"साडेसात."

दादा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आन् पिकाला ह्यातलं काय लागतंय?"

मी दोन नायट्रोजनचे गोळे उचलून त्यांच्या हातावर ठेवले.

"साडेसातात साडेतीन. निम्म्याला कमीच की. मग बाकीच्याचं पैसं कशापायी घेत्यात?"

मी गोणीवरचा आकडा दाखवला, ४६. शंभर किलोत शेहेचाळीस किलो नत्र. साठ गुंजांत अठ्ठावीस धरल्या तर शंभराला साडेशेहेचाळीसच्या थोडं पुढं पडतं, गोणीवर ४६ लिहिलेलं. दादांनी तो आकडा बोटानं दोनदा गिरवला. ते वाचत नव्हते, फक्त हात फिरवत होते. मग म्हणाले, "म्हंजे खोटं बोलत न्हाईत." आणि गोळे पुन्हा सुपात ठेवले, हलक्या हातानं, बोरमाळ ठेवावी तसे.

दुसऱ्या दिवशी साठच्या साठ गुंजा परत गेल्या. दादांनी त्या हंगामात युरिया एकदम न फेकता दोन हप्त्यांत, ओल बघून घातला. कोळपून मातीआड केला. त्यांनी तसं का केलं ते मी विचारलं नाही. साडेतीन मासे नत्र उन्हात उडून जाऊ नये, एवढं त्यांना कळलं असणार.

दहावी मी १९७८ साली पास झालो. विज्ञानात चांगले गुण होते. पुढं सायन्सला पंढरपूर किंवा सोलापूर गाठायला हवं होतं. त्या साली दादांची कंबर धरली, विहीर आटली, आणि बैलामागं मी उभा राहिलो. ह्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. आमच्या पिढीतल्या खेड्यातल्या निम्म्या पोरांची गोष्ट हीच आहे.

सर त्याच्या आधीच बदलून गेले होते. जाताना त्यांनी डालड्याचा डबा शाळेच्या कपाटात ठेवला, बेडकाशेजारी.

कणाद मुंबईला गिरणीत लागला. १९८२ च्या संपात परत आला तो कायमचाच. आता माझ्या बांधाला बांध लागून त्याची अडीच एकर आहे. दोन-चार वर्षांमागं खरिपात युरियाची ओढाताण झाली तेव्हा आम्ही दोघं मिळून गोण्या आणायला गेलो होतो. दुकानदार म्हणाला, गोणी पाहिजे तर तिच्याबरोबर विद्राव्य खताची ही किलोची पुडी घ्यावी लागेल. पुडी वाईट नव्हती. ठिबकवाल्यांना, भाजीपाल्यावाल्यांना ती लागते. पण आम्हाला मक्याला नत्र पाहिजे होतं. पुडीवर लिहिलेलं १९:१९:१९. कणाद तिथंच, रांगेसमोर, मोठ्यानं बोलायला लागला, "किलोत एकोणीस टक्के, म्हंजे एकशे नव्वद ग्रॅम नत्र. गोणी आता पन्नासाची पंचेचाळीस किलोची झालीय, तरी तिच्यात वीस किलो सातशे ग्रॅम. आन् पुडीचं पैसं निम्म्या गोणीएवढं." रांगेतले लोक पुड्या उलट्या करून आकडे वाचायला लागले. दुकानदारानं आम्हाला नुसत्या गोण्या दिल्या, मुख्य म्हणजे लवकर जावं म्हणून. परत येताना मी त्याला म्हटलं, लेका, तुझं गणित अजून तसंच आहे. तो म्हणाला, "मिथेन खाल्लंय मी. चार."

गेल्या वर्षी माझी नात, आठवीतली, सोलापुरात शिकते ती, दिवाळीला आली तेव्हा तिला शाळेनं अणूचं मॉडेल करायला सांगितलं होतं. शहरात त्याचा तयार संच मिळतो, थर्माकोलच्या गोळ्या आणि तारा. २०१८ पासून थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आली, पण गोळ्या मिळतात. ती म्हणाली, "आबा, सगळ्यांचं सेम असतं." मी म्हटलं, चल गुंजा आणू.

गुंजा मिळाल्या नाहीत. तीन दिवस आम्ही हिंडलो. ज्या कुपाट्यांवर तो वेल असायचा त्या कुपाट्याच राहिल्या नाहीत. बांध जेसीबीनं कोरून पाऊलवाटेएवढे केले, उरल्यासुरल्यावर तणनाशक. बाभळी गेल्या, करंज एक ओढ्याकाठी उभा आहे. निरगुडी तेवढी आहे, तिला जनावर तोंड लावत नाही म्हणून. मी हायस्कूलमध्ये जाऊन कपाटाची चौकशी केली. आता तिथं चांगली प्रयोगशाळा आहे, फरश्या बसवलेली. जुनं कपाट कधी भंगारात गेलं ते कुणाला सांगता येईना. शेवटी सोनाराच्या पोराकडं गेलो. तो आता सत्तरीला टेकलाय असं दिसतो, आहे माझ्याच वयाचा. दुकान मुलगा बघतो, काटा इलेक्ट्रॉनिक आहे. पण आजोबांच्या वेळची चंचीत बांधलेली पुरचुंडी त्यानं काढून दिली. तेवीस गुंजा. नातीला त्यानं बजावलं, तोंडात घालायच्या नाहीत आणि मोजून परत द्यायच्या.

निरगुडीची कडी करायला मी फोक वाकवायला घेतला तर नात म्हणाली, "आबा, कडी नको. इलेक्ट्रॉन कड्यावरून फिरत नाहीत. ढगासारखं असतं. मी व्हिडिओत बघितलंय." मला काय बोलावं कळेना. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी ओढ्यावरनं परत येताना सरांनी सांगितलेलं, तेच ती मला सांगत होती. मी म्हटलं, मग ढग कशाचा करायचा?

तीच बाहेर गेली. आमच्या खळ्याच्या कडेला रुई माजलीय. तिची बोंडं फुटून म्हाताऱ्या उडत होत्या, त्या पांढऱ्या रेशमाच्या. तिनं ओढणीत त्या गोळा केल्या, बारा गुंजांचा घोस डिंकानं केला, अर्ध्यांना चुना लावला आणि काचेच्या बरणीत मधोमध टांगून भोवती सगळ्या म्हाताऱ्या सोडल्या. गुंजा दिसेनाशा झाल्या. बरणी जरा हलवली की मधेच एखादी तांबडी चमकायची आणि पुन्हा लपायची.

"दिसत नाही गं काही," मी म्हटलं.

"दिसायला नकोच आहे," ती म्हणाली आणि वर कागदाचं झाकण बांधायला दोरा शोधू लागली. सोलापूरची एसटी साडेतीनला होती. गुंजा पुढच्या सुट्टीत परत आणायच्या आहेत, बारा तिच्याकडं आणि अकरा माझ्याकडं पुरचुंडीत. त्या अकरातल्या दोन मी उन्हाळ्यात कोमट पाण्यात भिजवून कुपाटीच्या बुडाला लावल्या, तसं सोनाराला सांगूनच. एक उगवलीय.